बकऱ्यांची बाजू

बुद्धिबळाविषयी मला आदर आहे. पण त्या खेळातली एक गोष्ट मला मनापासून कधीच पटली नाही. पट मांडला की दोन्ही बाजूंना सोळा-सोळा मोहरी! तुम्हाला एक वजीर, मलाही एक वजीर. तुमचे दोन उंट, माझेही दोन उंट. पांढऱ्याने आधी चालायचे, एवढाच काय तो भेद. इतका चोख न्याय तुम्ही प्रत्यक्ष जगात कोठे पाहिला आहे? घरमालक आणि भाडेकरू, मुलाखत घेणारे साहेब आणि कोट उसना आणलेला उमेदवार, सासरची दहा माणसे आणि काल माप ओलांडून आलेली सून. यांच्यात सामना सुरू होण्यापूर्वी दोन्हीकडची मोहरी मोजून सारखी करण्याचे कष्ट कोणी घेत नाही. सामना सुरू होतो तोच मुळी विषम.

म्हणूनच मला वाघ-बकरी हा खेळ फार आवडतो. हे नाव ऐकून शहरातल्या पुष्कळ मुलांना चहाचा पुडा आठवेल. त्यात त्यांचा दोष नाही. पुडा दुकानात मिळतो; हा खेळ कोठल्याच दुकानात सहसा मिळत नाही. तो जमिनीवर कोळशाने काढायचा, नाहीतर कातळावर दगडाने ओरखडायचा.

पाच उभ्या आणि पाच आडव्या रेघा काढल्या की पंचवीस ठिकाणी त्या एकमेकींना छेदतात. ही झाली पंचवीस घरे. मग तिरप्या रेघा काढायच्या, पण त्या सगळ्या घरांतून जात नाहीत. एक सोडून एक जातात. त्यामुळे १३ घरांतून तिरपी वाट निघते आणि उरलेल्या १२ घरांतून फक्त उभे-आडवे जाता येते. चार कोपऱ्यांत चार वाघ बसवायचे. दुसऱ्या गड्याच्या मुठीत वीस बकऱ्या असतात. पटावर मात्र अजून एकही नसते. त्याने एका वेळी एक बकरी रिकाम्या घरात ठेवायची आणि वाघवाल्याने एक वाघ हलवायचा. वीसच्या वीस बकऱ्या उतरेपर्यंत आधी ठेवलेली बकरी जागची हलू शकत नाही. वाघाला शेजारच्या बकरीवरून सरळ रेषेत पलीकडच्या रिकाम्या घरात उडी घेता येते. उडी घेतली की ती बकरी गेली. अशा पाच बकऱ्या गेल्या की वाघ जिंकला.

आणि बकरीने काय करायचे? तिला उडी नाही, दात नाहीत. वाघाला मारण्याची सोय नियमांतच ठेवलेली नाही. तिच्या हाती एकच गोष्ट आहे. सगळ्या बकऱ्यांनी मिळून चारही वाघांना हलायला जागा उरू द्यायची नाही. वाघ पटावर तसाच जिवंत, धडधाकट बसलेला असतो. पण त्याला पाऊल टाकता येत नाही. मग बकऱ्या जिंकल्या.

गाव बदलले की रेघा बदलतात, वाघांची आणि बकऱ्यांची संख्याही बदलते. दक्षिणेत त्रिकोणी पटावर तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या असतात. नेपाळात चार वाघ आणि वीस बकऱ्यांच्या खेळाला बाघचाल म्हणतात आणि तो तिकडचा मोठ्या अभिमानाचा खेळ आहे. पण विषम बाजूंचे मूळ सूत्र सगळीकडे एकच.

मी हा खेळ शिकलो तो ठाणे जिल्ह्यात. १९८६ साली प्राथमिक शिक्षक म्हणून माझी नेमणूक मुरबाड तालुक्यात झाली. टोकावड्याच्या पुढे, सह्याद्रीच्या भिंतीला पाठ टेकून बसलेली एक वाडी होती. काही घरे ठाकरांची, काही महादेव कोळ्यांची आणि ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची. एक खोली, एक फळा, चार वर्ग आणि मी एकटा! शाळेच्या अंगणात एक मोठा सपाट कातळ होता. त्यावर हा पट कोरलेला होता. कोणी कोरला ते वाडीतल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक नव्हते. मधल्या सुट्टीत मुले त्याच्याभोवती ओणवी होत. वाघ म्हणून चार मोठे खडे आणि बकऱ्या म्हणून चिंचोके. बाराखडीसाठी ज्यांना हाताला धरून बसवावे लागे, ती मुले तेथे अर्धा अर्धा तास तोंडातून शब्द न काढता बसत. मास्तराच्या मनात थोडा मत्सर निर्माण होणे साहजिक होते.

पण त्या मुलखातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांच्या लक्षात येईल की जून ते सप्टेंबर हा खेळ बंदच पडे. कातळावर पाणी, आणि खोलीतली जमीन शेणाने सारवलेली. तिच्यावर रोज रेघा ओढायच्या म्हणजे सारवणाऱ्या बाईची बोलणी खायची. शिवाय मी दर शनिवारी एस.टी.ने मुरबाडहून कल्याणला घरी जाई. त्या गाडीत चिंचोके मांडीवर ठरणे अशक्य! तेव्हा मी मुरबाडच्या पेठेतल्या एका सुताराकडे गेलो, सागाच्या फळीचा एक वीतभर चौकोनी तुकडा निवडला आणि त्यावर पेन्सिलीने आखून पंचवीस भोके पाडायला सांगितले.

"गुरुजी, चांगल्या फळीची चाळण कशाला करताय?" सुतार म्हणाला.

मी खेळ सांगितला. गिरमिटाने भोके पाडून झाली. वाघांसाठी त्याने खैराच्या चार लालसर खुंट्या तासल्या आणि बकऱ्यांसाठी बांबूच्या वीस काड्या कापल्या. मग पैसे घेण्याआधी फळी बाकावर ठेवून म्हणाला, "बसा. एक डाव होऊ द्या." गिऱ्हाइके ताटकळत उभी राहिली. डाव त्यानेच जिंकला आणि खुशीत येऊन खुंट्यांचे पैसे सोडले.

खुंट्यांच्या फळीत एक गुण आहे, तो चिंचोक्यात नाही. चिंचोका बोटाने सरकवता येतो. माणूस सरकवतो, मागे घेतो, पुन्हा सरकवतो. खुंटी रोवावी लागते. ती भोकात जाताना बोटांना थोडा जोर पडतो आणि मनाला कळते की आता काहीतरी ठरले. आता हा खेळ मोबाइलवरही खेळता येतो, पण तेथे बकरी गेली तरी हाताला काही कळत नाही. फळीवर ती उपटून बाजूला ठेवावी लागते आणि तिचे रिकामे भोक डोळ्यांसमोर राहते.

या फळीने मला माणसांची थोडीफार पारख करायला शिकवले. घरी पाहुणा आला की मी फळी पुढे ठेवतो आणि विचारतो, "कोणती बाजू घेता?" शंभरातले नव्वद जण वाघ मागतात. त्यात बँकेतले अधिकारी असतात, वकील असतात आणि अत्यंत गरीब स्वभावाचे कारकूनही असतात. कचेरीत ज्याला शिपाईसुद्धा दोनदा हाक मारायला लावतो तोही येथे वाघच होऊ पाहतो. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. दिवसभर वीसातली एक होऊन राहिलेल्या माणसाला संध्याकाळी घटकाभर वाघ व्हावेसे वाटले तर बिघडले कोठे?

आमच्या घरात मात्र सौभाग्यवतीने पहिल्याच दिवशी बांबूच्या काड्या आपल्याकडे ओढून घेतल्या. "मला नाही हो त्या उड्या मारायच्या," ती म्हणाली. अर्ध्या तासाने माझे चारही वाघ कोंडले गेले होते. हे कसे साधले असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "त्यात काय आहे? एकेक भांडे जागच्या जागी ठेवत गेले की शेवटी पसारा आपोआप आवरतो."

खेळाचे सगळे शास्त्र तिच्या या वाक्यात आले. तरी ज्यांना खेळून पाहायचे असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. पहिल्या बकऱ्या कडेच्या घरांत ठेवाव्यात. कडेवरच्या बकरीवरून वाघाला फक्त कडेकडेनेच उडी घेता येते. आतून बाहेर उडी घ्यायला पटाबाहेर घरच नसते. आणि मध्ये उतरायचे तेव्हा एकीच्या पाठीला दुसरी हवी. वाघाला एकीवरून उडी घेता येते, एका ओळीतल्या दोघींवरून येत नाही. वाघ पाहून नवखा गडी घाबरतो आणि त्याच्यापासून लांब, एकटी बकरी ठेवतो. नेमकी तीच आधी जाते. वाघाच्या शेजारी असलेली, पण पाठीला सोबत असलेली बकरी सुखरूप राहते. नीट पाहिले तर वाघाचे सगळे बळ बकऱ्यांच्या मधल्या रिकाम्या घरात साठवलेले असते. ते घर भरले की तो नुसता खैराचा तुकडा उरतो.

आता कोणी विचारील की, मग या विषम खेळात खरोखर वरचढ कोण? लिम य्यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या दोन संगणकतज्ज्ञांनी या खेळाचा छडा लावला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की, दोन्ही बाजूंनी एकही चूक केली नाही तर डाव बरोबरीत सुटतो. हे वाचले तेव्हा मला फार समाधान झाले. एका बाजूला दात आणि उडी, दुसऱ्या बाजूला केवळ संख्या आणि धीर, आणि तरीही तराजू सारखा! ज्या अनाम माणसांनी वाघ चार, बकऱ्या वीस हे प्रमाण ठरवले त्यांच्याजवळ यंत्र नव्हते. त्यांच्याजवळ बकऱ्या होत्या, आणि वाघही होते.

माझ्या त्या वाडीपासून नाणेघाट फार लांब नाही. मुरबाडच्या बाजूने वैशाखऱ्याजवळून ती चढण लागते आणि माथ्यावर जुन्नरचा मुलूख सुरू होतो. सातवाहनांच्या काळी जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारा व्यापार याच वाटेने चाले. घाटमाथ्यावरच्या गुहेत नागनिका राणीचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानांची यादी असून ब्राह्मीतले जुने आकडे आहेत. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे; तो जकातीचा, असे लोक सांगतात. पण सहलीला नेलेल्या माझ्या मुलांना राणीचेही कौतुक वाटले नाही आणि आकड्यांचेही. ती खाली पाहत होती. तेथल्या कातळावर ठिकठिकाणी खेळांचे पट आणि खळगे कोरलेले आहेत. संशोधकांनी अलीकडच्या काळात त्यांच्या नोंदीही केल्या आहेत. "गुरुजी, हे आपल्या शाळेतल्यासारखं!" एक मुलगा ओरडला आणि सगळी पोरे त्या रेघांवर ओणवी झाली. मला वाटले, राजाच्या दानांची यादी भिंतीवर राहिली आणि जकात भरेपर्यंत खोळंबलेल्या हमालांचा वेळ जमिनीवर राहिला.

असे पट जगभर आहेत. स्पेनमधल्या कॅस्टिलचा राजा दहावा आल्फोन्सो याने १२८३ साली खेळांचा एक सुंदर सचित्र ग्रंथ तयार करवून घेतला. त्यात आमचा हाच पंचवीस घरांचा पट आहे. त्यावर बारा-बारा सोंगट्यांचा सारख्या बाजूंचा खेळ दाखवला आहे. त्याच ग्रंथात विषम बाजूंचाही एक खेळ आहे. मात्र तेथे एक ससा असतो आणि अनेक शिकारी मिळून त्याला कोंडतात! राजाच्या पुस्तकात अनेकांनी मिळून एका सशाला घेरायचे, आणि गुराख्याच्या कातळावर अनेक बकऱ्यांनी मिळून वाघाला घेरायचे. पट तोच, कोणाच्या अंगणात तो काढला आहे यावर त्याचा अर्थ ठरतो.

शहापूर-मुरबाडकडे वाघ हा नुसता खेळातला शब्द नाही. पट्टेरी वाघ तेथून केव्हाच नाहीसा झाला, पण बिबट्या आहे आणि लोक त्यालाही वाघच म्हणतात. आश्विन वद्य द्वादशीला आपण शहरात वसुबारस करतो. गाय-वासराची पूजा होते, आता तर पुष्कळ घरांत ती चित्राचीच होते. त्याच दिवशी तिकडच्या पाड्यांवर वाघबारस असते. गुराखी पोरे घरोघर फिरून शिधा गोळा करतात, रानात शेंदूर लावलेल्या वाघोबाच्या दगडापुढे खीर शिजते, नैवेद्य दाखवला जातो. काही ठिकाणी एक पोरगा वाघ होतो. बाकीचे त्याला घेरून विचारतात, पुन्हा आमच्या शिवारात येशील का? तो नाही नाही म्हणत पळत सुटतो. मी पहिल्या वर्षी हे पाहिले तेव्हा मला एकदम फळी आठवली. वाघाला कोणी मारीत नाही. त्याला देवही मानायचे, नैवेद्यही द्यायचा, आणि सगळ्यांनी मिळून त्याला त्याच्या जागी ठेवायचे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

१९९१ साली माझ्या चौथीच्या वर्गात ओढ्यापलीकडचा एक मुलगा होता. त्याचे नाव येथे देत नाही. तो आज चांगला चाळिशी उलटलेला गृहस्थ आहे. वय दहा, बोलणे जवळजवळ नाही. गणितात साधारण, वाचनात अडखळणारा. पण फळी समोर आली की तो बदलून जाई. नेहमी बकऱ्याच घेई. माझ्यासारख्या रोज खेळणाऱ्या माणसाला त्याने श्रावणभर एकही डाव धड जिंकू दिला नाही. एकदा मी वाघ कोठे हलवावा या विचारात बराच वेळ बसलो. तेव्हा तो हळूच म्हणाला, "गुरुजी, तुम्ही बकरीकडे बघता. रिकाम्या घराकडे बघा." दहा वर्षांचे पोर मास्तराला शिकवीत होते आणि शिकवणी अगदी बिनचूक होती.

दिवाळी झाली आणि ओढ्यापलीकडची घरे रिकामी होऊ लागली. दर वर्षी असे होते. भात कापून झाले की वाडीत काम उरत नाही. मग भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून विटा पाडतात आणि मोबदला हजार विटांच्या हिशेबाने ठरतो. पावसाळ्यात, घरात दाणा नसतो त्या दिवसांत, मुकादमाकडून उचल घेतलेली असते. भट्टीवर दर आठवड्याला खर्ची मिळते. शेवटी हिशेब होतो, त्यात उचल आणि खर्ची वजा जाते, आणि पुष्कळदा बाकी मजुराच्याच नावावर निघते. ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर! वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्या हिशेबाच्या वहीत कायदा सहज शिरत नाही.

मी ओढा ओलांडून त्या मुलाच्या बापाकडे गेलो. भांडीकुंडी बांधून झाली होती.

"दादा, पोराला ठेवून जा," मी म्हणालो. "माझ्याकडे राहील, माझ्याबरोबर जेवील. चौथीचे वर्ष आहे."

त्याने मला बसायला गोणपाट टाकले. म्हणाला, "गुरुजी, तुमचं बोलणं खोटं नाय. पण धाकटीला कोण बघंल? आम्ही दोघं मातीत असतो. अन् विटा सुकवायला, उलथायला हाच पोरगा लागतो. उचल घेतली तवा तिघांचे हात धरून घेतली."

तो रागावला नव्हता, रडतही नव्हता. त्याच्या पटावर सगळी घरे भरलेली होती, एवढेच. आई चुलीची राख विझवीत होती, मुलगा धाकटीला कडेवर घेऊन उभा होता. मी फळी बरोबर नेली होती, ती त्याच्यापुढे धरली. त्याने मान हलवली आणि हात मागे घेतले. "तिथं हरवंल," एवढेच बोलला. दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक आला. चौथीच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मे महिन्यापर्यंत मी गैरहजरीची फुली मारीत होतो.

तुम्ही-आम्ही ज्या भिंतींच्या आत दिवाळीचा फराळ करतो, त्यांतल्या पुष्कळ भिंती या हातांनी उलथलेल्या विटांच्या आहेत. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा शहापूर तालुक्यातल्या भातसा आणि तानसा या धरणांतून येतो आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया टँकरची वाट पाहत उभ्या असतात. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मीही कल्याणचा राहणारा. माझेही घर विटांचेच आहे. पण फळीवर बसलेल्या माणसाला निदान आपण कोणत्या बाजूला बसलो आहोत हे माहीत असावे.

पुढल्या ज्येष्ठात पहिला पाऊस पडला आणि ओढ्यापलीकडे पुन्हा धूर दिसू लागला. शाळा उघडल्यावर तिसऱ्या दिवशी मुलगा आला. उंच झाला होता, बोटांची टोके फुटली होती. दप्तर नव्हते. फडक्यात गुंडाळलेले काहीतरी जड त्याने माझ्या टेबलावर ठेवले. ती एक चौकोनी वीट होती, नेहमीच्या विटेपेक्षा रुंद आणि चपटी. ओल्या मातीत काडीने पाच ओळींत पाच-पाच भोके पाडली होती, नखाने रेघा ओढल्या होत्या, तिरप्यासुद्धा अगदी बरोबर, आणि ती भट्टीत इतर विटांबरोबर भाजून काढली होती. खुंट्या तुराट्यांच्या होत्या. "तिथं खेळायला पोरं खूप होती," तो म्हणाला. "हरवली तर दुसरी करता येते."

शाळा भट्टीपर्यंत गेली पाहिजे हे ज्यांना उमगले असे लोक होते. विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर मजुरांच्या मुलांसाठी शाळा भरवल्या. भट्टीवरच्या विटांच्या खोपट्याला भोंगा म्हणतात, त्यावरून त्या भोंगाशाळा झाल्या. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या वाट्याला ती आली नाही. त्याने चौथी दोन वर्षांत केली, सातवीपर्यंत तुकड्यातुकड्यांनी शिकला आणि मग बापाच्या जागी मातीत उभा राहिला. माझी बदली शहापूर तालुक्यात डोळखांबच्या बाजूला झाली आणि पुढे मी निवृत्त झालो. २०१४ साली पालघर वेगळा झाला, जिल्ह्याचा नकाशा लहान झाला. पण मुरबाडची वाडी माझ्या नकाशावरून गेली नाही. दिवाळीच्या आधी मी एकदा तिकडे जाऊन येतो.

अशाच एका फेरीत त्याने मला सांगितले की त्या साली ओढ्यापलीकडच्या जोडप्यांनी एक गोष्ट ठरवली होती. दर ठरल्याशिवाय आणि हिशेब लिहून हाती दिल्याशिवाय कोणी एकट्याने उचल घ्यायची नाही. पावसाळा काढायला सगळ्यांनी थोडे थोडे तांदूळ एकत्र ठेवले होते. मुकादम तीनदा आला. दोन घरांनी ठरण्याआधीच उचल घेतली होती. त्या घरांना कोणी बोल लावला नाही, कारण त्यांच्याकडे आजारपण होते. बाकीची घरे थांबली. चौथ्या खेपेला मुकादमाने हजारामागचा दर थोडा वाढवला आणि प्रत्येकाला एकेक वही दिली. वही वाचायचे काम सातवी झालेल्या माझ्या विद्यार्थ्याकडे आले.

"म्हणजे जिंकलात की!" मी म्हणालो.

"जिंकलो कुठं, गुरुजी? भट्टीवर जायचंच आहे," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "पण पोरगी आश्रमशाळेत ठेवली. तिचे हात धरून उचल नाय घेतली."

हे सारे तो फळीवर शिकला असे म्हणण्याचा मोह मी आवरतो. माणसे खेळामुळे एवढी शहाणी होत नसतात. भूक आणि अनुभव त्यांना शहाणे करतात. मला एवढेच म्हणायचे आहे की, ज्या कोणी तो पट पहिल्यांदा कातळावर ओरखडला त्याला ही गोष्ट ठाऊक होती, आणि ती त्याने आपल्या पोरांच्या हाती खेळ म्हणून दिली. मुलीला आश्रमशाळेत पोहोचवायला तो निघाला तेव्हा तिच्या पिशवीत चिंचोके वाजत होते.

या दिवाळीत तुमच्या दारी ठिपक्यांची रांगोळी निघेलच. पाच ठिपके, पाच ओळी तर लहान मुलीलाही येतात. ते ठिपके एखाद्या संध्याकाळी रंग न भरता तसेच ठेवा. उभ्या-आडव्या रेघा ओढा, एक सोडून एक तिरप्या ओढा, कोपऱ्यांत चार सुपाऱ्या ठेवा आणि वीस शेंगदाणे मुठीत घ्या. फराळाला आलेल्या पाहुण्याला वाघ हवा असेल, तो खुशाल द्या. तुम्ही शेंगदाण्यांची बाजू घ्या. पहिला दाणा कडेला ठेवा, दुसरा त्याच्या सोबतीला ठेवा, आणि पाहुणा उडी कोठे घेतो याची काळजी न करता रिकामे घर कोठे राहिले आहे तेवढे पाहा.